रात्रभर लाइट लावली तरी शेळ्या माजावर येत नाहीत, असं का?

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की शेळी, मेंढी, घोडी, मांजर यांचा विणीचा हंगाम दिवसाच्या लांबीवर चालतो आणि तो दिव्याने पुढे-मागे करता येतो. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा सदर त्यालाच द्यावा लागतोय. एकाच अर्थाचे प्रश्न होते ते एकत्र केलेत, भाषा थोडी आवरून घेतली आहे.

प्रश्न : मी शेळ्या पाळतो, थोड्या मेंढ्याही आहेत. वर्षातले काही महिने सोडले तर बोकड सोडला तरी शेळ्या ढुंकून बघत नाहीत. तुमचं वाचून शेडमध्ये रात्रभर लाइट चालू ठेवायला लागलो. दोन महिने झाले, एकही माजावर नाही, उलट ज्या येत होत्या त्याही थांबल्यासारख्या वाटतात. काय चुकतंय?

उत्तर : शेळ्यांचं काहीच चुकत नाहीये, त्यांना जे कळवलं जातंय त्याप्रमाणे त्या बरोबर वागतायत. शेळी-मेंढी ही दिवस लहान व्हायला लागले की माजावर येणारी जनावरं आहेत. गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा, म्हणजे पानगळीच्या दिवसांत फळली की करडू-कोकरू वसंतात जमिनीवर पडणार, जेव्हा थंडी गेलेली असते आणि कोवळा चारा असतो. आता तुम्ही रात्रभर लाइट ठेवून त्यांना काय सांगितलंत, तर भर उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस चालू आहे आणि तो संपतच नाहीये. मग त्या कशाला माजावर येतील?

जास्त उजेड म्हणजे जास्त वीण, हे डोक्यात बसलंय ते कोंबड्यांच्या शेडवरून. शेळी-मेंढीत ते उलटं आहे, आणि तरी गंमत बघा की हंगामाबाहेर माजावर आणायला लाइटच वापरतात, फक्त अर्धं काम लाइट करते आणि उरलेलं अर्धं अंधार करतो. केंब्रिजच्या यीट्स नावाच्या संशोधकाने १९४९ मध्ये छापलेल्या कामात हे स्वच्छ दाखवलं होतं : मेंढ्यांना बाहेरच्या ऋतूच्या उलटा उजेड दिला, आणि त्यांचा माजाचा हंगामही उलटा फिरला. तेव्हापासून आजपर्यंत पद्धतीचा गाभा तोच आहे. हिवाळ्यापासून सुरुवात करून दोन-तीन महिने रोज १६ तास उजेड आणि ८ तास पूर्ण अंधार द्यायचा, त्यात सूर्याचा उजेडही धरायचा, म्हणजे दिवा फक्त पहाटे आणि संध्याकाळी कमी पडणारे तास भरून काढायला. मग एक दिवस हा जादा उजेड बंद. बाहेर तेव्हा दिवस १२-१३ तासांचा असला, अगदी रोज थोडा थोडा वाढतही असला, तरी १६ तासांची सवय झालेल्या शरीराला तो एकदम लहान वाटतो आणि ते समजतं की आता पानगळ आली. त्यानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी माज दिसायला लागतो. काही ठिकाणी लाइट बंद केल्यावर कानाच्या बुडाशी मेलॅटोनिनची (रात्री अंगात सुटणारं हॉर्मोन) बारीक कांडी बसवतात, म्हणजे लांब रात्रीचा आभास आणखी पक्का होतो. हे मात्र पशुवैद्यकाच्या हातूनच.

आणखी दोन गोष्टी ज्या हमखास राहून जातात. एक म्हणजे बोकड. त्याचाही हंगाम असतो, हंगामाबाहेर त्याचा वास कमी होतो, मस्ती कमी होते, वीर्याची प्रत घसरते, त्यामुळे लाइटचा हाच प्रोग्रॅम त्यालाही द्यावा लागतो. असा तयार झालेला बोकड काही आठवडे लांब ठेवून मग अचानक कळपात सोडला तर त्याच्या नुसत्या वासाने आणि वावरण्याने शेळ्यांचा माज एकदम जागा होतो, हा परिणाम इतका जोरदार आहे की काही कळपांत सगळं काम तोच करून जातो. दुसरी गोष्ट तुमच्या शेळ्यांची जात. विषुववृत्ताजवळच्या बऱ्याच जाती वर्षभर माजावर येऊ शकतात आणि त्यांच्यात हंगाम दिसतो तो चाऱ्यामुळे, दिवसाच्या लांबीमुळे नाही. शेळ्या त्यातल्या असतील तर दिव्यावर खर्च करण्याआधी खुराकाकडे आणि जंताकडे बघा. म्हशींबद्दलही दोघांनी विचारलंय, त्यांनाही हेच लागू : विषुववृत्तापासून लांब गेलं की म्हैस लहान दिवसांची, जवळ असली आणि चारा बरा असला की वर्षभर, आणि उन्हाळ्यातल्या मुक्या माजाचं (माज असतो पण लक्षणं दिसत नाहीत) कारण बहुतेक वेळा उष्णता असतं.

तुम्ही आत्ता काय करायचं, तर लाइट रात्रभर ठेवणं आजच थांबवा. दोन महिने मोठा दिवस नकळत देऊन झालाच आहे, आता त्यांना नीट अंधार मिळू दे आणि वाट बघा.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आहे. दिवस १२ तासांचा आहे की १४ तासांचा हे जनावराला कळतं कसं? आणि लाइट किती वेळ लावली यापेक्षा कधी लावली हे महत्त्वाचं असं का म्हणतात?

उत्तर : आधी रस्ता सांगतो. डोळ्याच्या पडद्यात, ज्या पेशींनी आपण बघतो त्या सोडून, आणखी थोड्या पेशी आहेत ज्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. चित्र उमटवणं हे त्यांचं मुख्य काम नाही, आजूबाजूला उजेड किती हे त्या कळवत राहतात, आणि साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. तिथून निरोप जातो मेंदूतल्या दैनंदिन घड्याळाकडे, मग बराच वळसा घालून, मणक्यातून खाली उतरून मानेतल्या एका मज्जागाठीतून परत वर, पिनियल ग्रंथीकडे. ही ग्रंथी फक्त अंधारात मेलॅटोनिन सोडते. रात्र लांब तर मेलॅटोनिन जास्त तास, रात्र छोटी तर कमी तास. शरीर मोजतं ते हे तास.

हे नुसतं अनुमान नाहीये. १९८० च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या गटाने पिनियल ग्रंथी काढलेल्या मेंढ्यांना रात्री बाहेरून मेलॅटोनिन दिलं, काहींना लांब रात्रीइतके तास आणि काहींना छोट्या रात्रीइतके. मेंढ्या वागल्या त्या मेलॅटोनिनच्या तासांप्रमाणे, खोलीत उजेड किती तास आहे याचा काही संबंध उरला नाही.

पुढची पायरी मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटते. पियूष ग्रंथीच्या देठाजवळ एक छोटा भाग आहे, तो मेलॅटोनिनचे तास वाचतो आणि मेंदूत थायरॉइडचं सक्रिय हॉर्मोन किती बनू द्यायचं ते ठरवतो, त्यावरून पुढे किसपेप्टिन, मग जीएनआरएच (मेंदूतून जननाला हुकूम देणारे हे दोन रासायनिक निरोप), आणि शेवटी अंडाशय किंवा वृषण. इथपर्यंतची यंत्रणा मेंढीत आणि हॅमस्टरमध्ये (उंदरासारखा एक छोटा प्राणी) जवळजवळ सारखी आहे, पण लांब रात्रीचा तोच निरोप मेंढीत दुकान उघडतो आणि हॅमस्टरमध्ये बंद करतो. म्हणजे मेलॅटोनिन हे ना वीण वाढवणारं हॉर्मोन ना कमी करणारं, ते फक्त तारीख कळवतं. मेलॅटोनिनने जनन दबतं असं सरसकट लिहिलेलं कुठे वाचलंत तर पहिल्यांदा विचारा की कुठल्या जनावरात.

आता कधी लावली याबद्दल. १९७२ साली एलियट, स्टेटसन आणि मेनाकर यांनी छापलेला प्रयोग या विषयातला माझा सगळ्यात आवडता. त्यांनी सोनेरी हॅमस्टरना उजेड दिला फक्त ६ तासांचा, सगळ्या गटांना तेवढाच, आणि बदलला फक्त मधला अंधार : कुणाला १८ तास, कुणाला ३० तास, कुणाला ४२, कुणाला ५४. उजेडाचे तास मोजणारं शरीर असतं तर सगळ्यांचीच वृषणं आक्रसायला हवी होती, आणि सलग अंधाराचे तास मोजणारं असतं तर जितका अंधार लांब तितका परिणाम जास्त व्हायला हवा होता. झालं काय, तर १८ आणि ४२ तास अंधारवाल्यांची वृषणं आक्रसली, ३० आणि ५४ वाल्यांची मात्र मोठीच राहिली! बेरीज करून बघा. ६ अधिक १८ म्हणजे २४, ६ अधिक ४२ म्हणजे ४८, इथे उजेड दर वेळी घड्याळाच्या त्याच ठिकाणी पडतो. ६ अधिक ३० म्हणजे ३६ आणि ६ अधिक ५४ म्हणजे ६०, इथे तो एका वेळी शरीराच्या दिवसात आणि पुढच्या वेळी शरीराच्या रात्रीत पडतो. आणि रात्रीत उजेड पडला की शरीर म्हणतं दिवस मोठा आहे. म्हणून मध्यरात्री थोडा वेळ लागलेला दिवासुद्धा सगळा हिशोब बदलू शकतो, आणि म्हणूनच फ्रान्समध्ये शेळ्या-मेंढ्यांसाठी अशीही पद्धत बसवली गेली की सलग १६ तास दिवा न जाळता पहाट ठरलेल्या वेळी करायची आणि मग पहाटेपासून १६ तासांनी फक्त तासभर उजेड पाडायचा. शरीराला तो १६-१७ तासांचाच दिवस वाटतो, आणि विजेचं बिल वाचतं.

प्रश्न : घोडीला हिवाळ्यात लाइट देतात ती नेमकी कशी? आमच्याकडे दोन वर्षं दिली, एकदा जमलं, एकदा नाही.

उत्तर : घोडी शेळीच्या उलट, दिवस मोठे व्हायला लागले की माजावर येणारी, कारण गाभणकाळ ११ महिन्यांचा आणि शिंगरू वसंतातच पडायला हवं. ही घाई मुळात माणसाची आहे. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस सगळ्यांचा एकच, १ जानेवारी, मग शिंगरू खरंच फेब्रुवारीत जन्मलेलं असो की मेमध्ये. त्यामुळे लवकर जन्मलेल्याला दोन वर्षांच्या शर्यतीत तीन महिन्यांची वाढ फुकट मिळते, आणि सगळ्यांना घोडी निसर्गाच्या आधी माजावर हवी असते.

नेहमीचा प्रोग्रॅम म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीपासून रोज एकूण १६ तास उजेड, आणि तो किमान ६० दिवस सलग. तबेल्यात घोडीच्या डोळ्याच्या उंचीला १०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड हवा. मीटर नसेल तर तबेल्याच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून पेपर सहज वाचता येतोय का ते बघतात, आणि ही जुनी कसोटी ठीक आहे. घोडी डोकं बाहेर काढून अंधारात उभी राहत असेल तर आतला दिवा काय कामाचा, हेही बघा. जादा उजेड संध्याकाळच्या बाजूला जोडायचा, नुसता पहाटे जोडला तर त्याचा भरवसा नाही. २४ तास लाइट ठेवणं इथेही फुकट, रात्र नसेल तर मोठ्या दिवसाची लहान रात्र तिला कळणार कशी. शिवाय ६० दिवस म्हणजे ६० दिवस, निकाल पाहिजे तर फेब्रुवारीत, आणि लाइट फेब्रुवारीत सुरू केली तर तोवर बाहेरचा सूर्यच ते काम करायला लागलेला असतो. तुमचं जे एक वर्ष फसलं त्यात सुरुवातीची तारीख तपासा, मला पहिला संशय तिथेच आहे. दुसरा संशय मधेच बंद केल्याचा, कारण माज दिसला म्हणून लाइट लगेच काढली तर घोडी परत थंडावू शकते.

सलग नको असेल तर इथेही मधल्या उजेडाची सोय आहे : अंधार पडल्यापासून साडेनऊ तासांनी एक तास दिवा, तेवढा पुरतो. पण ही वेळ चुकली तर काहीच होत नाही, त्यामुळे टायमर चांगला असेल तरच या वाटेला जा. अलीकडे आणखी एक प्रकार आलाय, घोडीच्या तोंडावर मास्क आणि एका डोळ्यापुढे छोटा निळा एलइडी. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या बार्बरा मर्फी यांच्या गटाने दाखवलं की एकाच डोळ्याला साधारण ५० लक्स निळा उजेड रात्री उशिरापर्यंत मिळाला तरी काम होतं, म्हणजे घोडी बाहेर कुरणात राहिली तरी चालते.

प्रश्न : लाल बल्ब लावला तर चालतो का? रात्री जनावरं बघायला जावं लागतं.

उत्तर : अंधाराच्या तासांत थोडा वेळ बघायला मंद लाल चालतो, वर सांगितलेल्या पेशी लाल उजेडाला फारच कमी दाद देतात. मंद म्हणजे मंद. प्रखर लाल दिवा रात्रभर ठेवून अंधार आहे असं समजू नका. आणि मोबाइलचा टॉर्च पांढरा असतो, त्यात निळा भरपूर.

प्रश्न : आमची मांजर घराबाहेर जात नाही. वर्षभर दर दोन-तीन आठवड्यांनी हीटवर येते, रात्रभर ओरडते. बाहेरच्या मांजरींना तर हंगाम असतो म्हणतात. हिला काय झालंय?

उत्तर : तिला तुमच्या घरातली लाइट झालीय. मांजर मोठ्या दिवसाची, घोडीच्या गटातली. उत्तरेकडच्या थंड देशांत बाहेर राहणाऱ्या मांजरी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर शांत असतात आणि दिवस वाढायला लागले की सुरू होतात. पण घरात संध्याकाळी सहा ते रात्री अकरापर्यंत दिवे, टीव्ही, म्हणजे वर्षभर १४ तासांहून जास्त उजेड, आणि १४ तास उजेड दिला की मांजरी वर्षभर माजावर येतात, मुद्दाम मांजरी वाढवणारे हेच तर करतात. शिवाय मांजरीचं बीज समागमाशिवाय सहसा सुटत नाही, त्यामुळे बोका भेटला नाही की ती शांत होते आणि पुन्हा थोड्या दिवसांनी सुरू. ती आजारी नाहीये, हंगामच संपत नाहीये एवढंच.

उजेड ८-९ तासांवर आणला तर थांबेल का? थांबू शकतं, पण घरातल्या सगळ्यांनी संध्याकाळपासून अंधारात बसायचं, आणि एकदा कुणी किचनची लाइट लावली की झालं. पिल्लं नको असतील तर सरळ ऑपरेशन करून टाका, लाइटचे प्रयोग मांजरीवर करत बसू नका.

प्रश्न : हॅमस्टरची जोडी आहे, उन्हाळ्यात दोनदा पिल्लं झाली, थंडीत काहीच नाही. खोलीला हीटर आहे, म्हणजे थंडीचा प्रश्न नाही. काही आजार असेल का?

उत्तर : थंडीशी फारसा संबंध नाहीच, खोलीची खिडकी आणि दिवा बघा. सोनेरी हॅमस्टर असेल तर त्याची सीमारेषा चक्क साडेबारा तासांची आहे. दिवस त्याहून लहान झाला की दोन-अडीच महिन्यांत नराची वृषणं आक्रसून पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतात, मादी थांबते. बरं, हे कायमचं नसतं. अंधार तसाच ठेवला तरी पाच-सहा महिन्यांनी वृषणं आपोआप परत वाढतात, उजेडाची वाट न बघता, कारण निसर्गात तो प्राणी तेव्हा बिळात असतो आणि वसंत आल्यावर तयार होत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. त्यानंतर काही काळ लहान दिवसाचा त्याच्यावर परिणामच होत नाही, मधे दोन-अडीच महिने मोठे दिवस मिळाले की मगच. तुम्हाला पिल्लं हवीत तर टायमर लावून १४ तास उजेड, १० तास खरा अंधार, आणि दोन महिने धीर. गाभणकाळ फक्त १६ दिवसांचा आहे, एकदा सुरू झाले की मग तुम्हीच नको म्हणाल.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. हॅमस्टरच्याच दुसऱ्या एका जातीत, हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या सैबेरियन हॅमस्टरमध्ये, पिल्लू पोटात असतानाच आईच्या मेलॅटोनिनवरून बाहेरचा दिवस किती मोठा आहे ते त्याला कळतं. जन्मानंतर सगळ्या पिल्लांना १४ तासांचा दिवस दिला, तरी ज्यांची आई १६ तासांच्या दिवसात होती ती पिल्लं हळू वाढतात, आणि ज्यांची आई लहान दिवसात होती ती झपाट्याने वयात येतात. तोच १४ तासांचा दिवस, पण एकाला तो कमी होत आलेला वाटतो आणि दुसऱ्याला वाढत आलेला. मार्चमधल्या आणि सप्टेंबरमधल्या सारख्याच लांबीच्या दिवसांत फरक कसा कळतो असं एका वाचकाने विचारलं होतं, त्याचं उत्तर हेच : आदल्या दिवसांची आठवण.

प्रश्न : कोंबड्यांचा लाइट प्रोग्रॅम जसाच्या तसा सशांना किंवा मेंढ्यांना दिला तर?

उत्तर : सशांना १६ तास मानवतात, कृत्रिम रेतनाच्या आधी काही दिवस ८ तासांवरून एकदम १६ वर नेण्याची पद्धतही आहे. मेंढ्यांचं वर सांगितलं. पण पक्ष्यांची गोष्टच वेगळी आहे. पक्ष्याला उजेड डोळ्यांतून लागतो तसा कवटीतून थेट मेंदूलाही लागतो. मेनाकर यांनीच चिमण्यांवर दाखवलं होतं की डोळे नसलेल्या चिमण्याही दिवसाची लांबी ओळखतात, आणि डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली की मग तो उजेड अडतो. सस्तन प्राण्यांत हा दुसरा रस्ता नाही, दृष्टी आणि डोळे पूर्ण गेलेल्या मेंढीला दिवा लावून काही उपयोग नाही.

प्रश्न : हरणांची शिंगंही लाइटने बदलतात म्हणे. खरं का?

उत्तर : खरं आहे, कारण हरणाची शिंगं आणि त्याचं जननचक्र एकाच दोरीला बांधलेले. ब्राउन विद्यापीठातल्या रिचर्ड गॉस यांनी १९६० च्या दशकात सिका हरणांवर कृत्रिम वर्ष वापरून बघितलं. लाइटने सहा महिन्यांतच पूर्ण वर्षाचा चढउतार करून दाखवला तर नरांनी शिंगं वर्षात दोनदा गाळली आणि दोनदा उगवली, वर्ष चार महिन्यांवर आणलं तर तीनदा. आणि उजेड कायम १२ तास, अंधार कायम १२ तास ठेवला तर? शिंगं तशीच डोक्यावर राहिली, गाळायची वेळ झाली हे कळवणारं कोणी नाही. प्रयोगशाळेबाहेर बघायचं तर १९ व्या शतकात ब्रिटनमधून न्यूझीलंडला लाल हरणं नेली, त्यांचा माजाचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरवरून सरकून मार्च-एप्रिलवर गेला. बोटीतून उतरलेल्या हरणांना कॅलेंडर कोणी समजावलं नव्हतं.

प्रश्न : हे सगळं पाळीव जनावरांचं आणि प्रयोगशाळेचं. रस्त्यावरच्या दिव्यांचा रानातल्या प्राण्यांवर खरंच परिणाम होतो का, की हे पर्यावरणवाल्यांचं उगाच?

उत्तर : उगाच नाही. आकडे बघा : पौर्णिमेचा चंद्र जास्तीत जास्त ०.३ लक्सच्या आसपास, रस्त्याच्या दिव्याखाली १० ते २० लक्स सहज. आणि २०१४ मध्ये छापलेल्या कामात सैबेरियन हॅमस्टरना लहान दिवसात रात्रभर फक्त ५ लक्स दिले तर त्यांचा हिवाळ्याचा प्रतिसाद, वृषणं आक्रसणं आणि अंग पांढरं होणं, बिघडला होता. पण ते पिंजऱ्यातले.

रानातलं उदाहरण २०१५ चं, आणि ते मी सगळ्यांना वाचायला सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ गार्डन आयलंड नावाचं बेट आहे, त्यावर नौदलाचा तळ आणि उरलेलं बेट झाडझाडोऱ्याचं. दोन्हीकडे टामर वॉलबी राहतात, म्हणजे छोटे कांगारूच. या वॉलबीचं जननचक्र फार काटेकोर असतं : पिल्लू झालं की मादी लगेच पुन्हा फळते, पण तो गर्भ शंभरेक पेशींचा होऊन थांबतो, महिनोन्‌महिने तसाच, आणि २२ डिसेंबर, म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा दिवस उलटून रात्री वाढायला लागल्या की मग पुढे वाढतो. त्यामुळे बेटावरची बहुतेक पिल्लं जानेवारी-अखेरच्या सुमारास पाठोपाठ जन्मतात आणि पिशवीतून बाहेर पडतात तेव्हा बाहेर हिरवं असतं. संशोधकांनी पाच वर्षं दोन्ही ठिकाणच्या माद्या बघितल्या. तळावरच्या दिव्यांत राहणाऱ्या वॉलबींचं रात्रीचं मेलॅटोनिन कमी होतं, आणि त्यांची पिल्लं झाडोऱ्यातल्यांपेक्षा सुमारे महिनाभर उशिरा जन्मत होती. एकाच बेटावर, एकाच हवामानात. रात्र वाढतेय हे माद्यांना वेळेवर कळलंच नाही.

उलट दिशेनेही होतं. मादागास्करच्या माऊस लेमूरवर, जे जेमतेम ६० ग्रॅमचं माकडवर्गातलं प्राणी आहे, फ्रान्समध्ये रस्त्याच्या दिव्यासारखा उजेड देऊन बघितला तर माद्या वेळेच्या आधी माजावर आल्या. कुठे उशीर, कुठे घाई, जातीनुसार. म्हणून दिव्यांमुळे प्राण्यांची वीण वाढते किंवा घटते असं एका ओळीत सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, बिघडते ती वेळ. आणि पिल्लू चाऱ्याच्या आधी किंवा नंतर महिनाभर आलं तर त्याचं काय होतं हे मेंढपाळाला वेगळं सांगायला नको.

करायचं काय, तर दिव्यावर असं झाकण की उजेड खालीच पडेल, जिथे माणूस जात नाही तिथे दिवा नाही, आणि पांढऱ्या-निळसर एलइडीऐवजी पिवळट. शेवटच्याने मदत होते, पूर्ण सुटका होत नाही.

प्रश्न : मग माणसाचं काय? आणि उंदरांवरचे प्रयोग आपल्याला लागू का पडत नाहीत?

उत्तर : माणूस हंगामी जननाचा प्राणी नाही. वर्षभरात जन्म थोडे वर-खाली होतात तेवढेच. पण मेलॅटोनिन आपल्यातही रात्रीच सुटतं आणि उजेडाने दबतं, हे १९८० मध्ये लेवी आणि सहकाऱ्यांनी २५०० लक्स वापरून दाखवलं, आणि नंतर कळलं की घरातल्या दिव्यांइतका उजेडही त्यासाठी बराच झाला. त्याचा संबंध झोपेशी जास्त, हंगामाशी नाही, त्यामुळे या सदरातलं वाचून मूल होण्याच्या काळजीने घरातले दिवे मोजत बसू नका, त्यासाठी डॉक्टर आहेत.

उंदरांबद्दल मात्र विचारलंत ते बरं केलंत. प्रयोगशाळेतले नेहमीचे पांढरे छोटे उंदीर (माऊस) आणि मोठे उंदीर (रॅट) यांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या वर्षभर वीण देणाऱ्याच निवडून वाढवल्यात. सगळ्यात जास्त वापरली जाणारी सी-५७ ब्लॅक-६ ही काळ्या उंदराची जात तर मेलॅटोनिन जवळजवळ बनवतच नाही, तिच्यात ते बनवण्याच्या एन्झाइमांत बिघाड आहे. सी-३-एच आणि सीबीए या जाती बनवतात. त्यामुळे रात्रीच्या उजेडाचा उंदरांच्या जननावर परिणाम, अशी बातमी दिसली की आधी जात कुठली ते शोधा. ब्लॅक-६ असेल तर जो काही परिणाम दिसला तो मेलॅटोनिनच्या वाटेने आलेला नाही, आणि तुमच्या शेळी-घोडीला त्यातून काही शिकायचं नाही.